ऑरेंज वाइनमध्ये संत्रं नसतं: नागपूरच्या एका ताईंना उत्तर

प्रताप नगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाने युरोपातून केशरी रंगाची एक बाटली आणली, लेबलवर ‘ऑरेंज वाइन’ लिहिलेलं. घरात सगळ्यांना वाटलं संत्र्याची. प्यायले तर तोंड तुरट झालं. आता फेब्रुवारीत त्या आणि त्यांचे यजमान समृद्धीने नाशिकला जायचं म्हणतात. वेगवेगळ्या प्रदेशांच्या वाइन समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी, ‘ऑरगॅनिक’, ‘नॅचरल’, ‘शाश्वत’ या शब्दांवर कितपत विश्वास ठेवावा, आणि एवढी संत्री पिकवून नागपूरची स्वतःची वाइन का नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी नाशिककडच्या वायनऱ्यांमध्ये सतरा हंगाम काढले, टाक्या धुण्यापासून वाइन बनवण्यापर्यंत सगळं केलं, आणि आता नागपूरला घरी आलो आहे. तुमच्या बाटलीचं सांगून झालं की थेट शेवटच्या प्रश्नाला येतो, कारण तो माझाही जुना प्रश्न आहे.

ऑरेंज वाइन पांढऱ्या द्राक्षांचीच असते. एरवी पांढरी वाइन करताना द्राक्षं दाबून रस लगेच सालींपासून वेगळा करतात. इथे रस सालींसकट आंबवतात, कधी आठवडाभर, कधी कित्येक महिने. सालीतला रंग आणि टॅनिन उतरतं, म्हणून केशरी छटा येते आणि कोऱ्या कडक चहासारखा तुरटपणा. तुमचं तोंड त्यानेच तुरट झालं. ही पद्धत जॉर्जिया देशात फार जुनी. तिथे अंड्याच्या आकाराचे मोठे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आतून मधमाश्यांचं मेण लावतात आणि त्यात सालीसकट रस भरून ठेवतात. त्या रांजणाला क्वेवरी म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जॉर्जियात सापडलेल्या खापरांवरचे द्राक्षवाइनचे अंश सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे आहेत. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या योश्को ग्रावनर यांनी चांगली चालणारी स्टीलची आणि बॅरलची पद्धत बाजूला ठेवून जॉर्जियाहून असे रांजण आणले, आणि तिथून युरोपात या वाइनची हवा झाली. तुमच्या मुलाची बाटली आवडली नसेल तर टाकू नका. फार थंड न करता, जेवणासोबत, वांग्याच्या भरताबरोबर पुन्हा एकदा घेऊन पाहा. तुरट वाइन नुसती प्यायची नसते.

आता खरी संत्र्याची. एकदा ऐन हंगामात काटोलहून मृग बहाराची दोन क्रेट संत्री मी नाशिकला नेली होती. वायनरीतल्या पोरांनी चेष्टा केली, पण वीस लिटरच्या काचेच्या बरणीत आम्ही रस लावला. रस काढला तेव्हा अमृत होता. सकाळी चाखला तर कडू. यीस्टने अजून कामही सुरू केलं नव्हतं. संत्र्याच्या फोडीतलं एक द्रव्य रस काढल्यावर आंबटपणात हळूहळू बदलतं आणि त्यातून लिमोनिन तयार होतं. कडूपणा त्याचा. आपल्या नागपुरी संत्र्यात हे चांगलंच जाणवतं, ज्यूसवाल्यांनाही तो त्रास आहे. दुसरी अडचण साखरेची. साधारण १७ ग्रॅम साखरेपासून लिटरमागे १ टक्का अल्कोहोल होतं. वाइनची द्राक्षं २३ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचा साधारण टक्का) आसपास तोडली की १३ टक्क्यांपर्यंत सहज जातं. संत्र्याचा रस १० ते ११ ब्रिक्सचा, म्हणजे जेमतेम ६ टक्के. तेवढ्यावर वाइन टिकत नाही. बाहेरून साखर घालावी लागते, आणि मग ती अर्धी उसाचीच वाइन होते. तिसरं म्हणजे संत्र्यातलं आम्ल सायट्रिक. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाला जिवाणू फारसे हात लावत नाहीत, सायट्रिक मात्र ते खातात आणि त्यातून व्हिनेगरचा वास येऊ शकतो. आमची बरणी दीड महिन्याने चोथ्याच्या खड्ड्यात गेली. संत्र्याची वाइन होतच नाही असं नाही, पण त्यासाठी कडूपणा काढायचं तंत्र लागतं. नुसत्या अभिमानावर ती होत नाही.

मग द्राक्षंच नागपूरला का लावत नाहीत? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, आपण ३१० च्या आसपास. त्यांच्याकडे घड पिकताना रात्री गार असतात, आणि त्यामुळे आंबटपणा टिकतो. आपल्याकडे काळी भारी जमीन, पाण्याने मुळं गुदमरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा नेम नाही, आणि उन्हाळ्याचं मी काय सांगू, तुम्ही इथेच राहता.

यातच तुमच्या ‘शाश्वत’च्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. प्रत्येक प्रदेशाचा एक मुख्य शत्रू असतो. कुठे पाऊस, कुठे पाण्याचा दुष्काळ, कुठे कीड, कुठे बाजारभाव. त्या शत्रूशी तिथला माणूस कसा वागतो, हे पाहिलं की वाइनही समजते आणि लेबलचा खरेखोटेपणाही.

एक उदाहरण आपल्या अंगणातलं देतो. काटोल-नरखेडकडे गेलात तर संत्र्याच्या बुंध्याला खालून दोन-तीन फूट फिकट निळसर पांढरा लेप दिसतो. तो बोर्डो पेस्टचा. एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या रोगावर लावतात. हे ‘बोर्डो’ म्हणजे फ्रान्समधलं वाइनचं बोर्डो. घडलं असं, की १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय म्हणून त्या किडीला दाद न देणारे अमेरिकी खुंट आणले. खुंटांबरोबर १८७८ च्या सुमारास केवडा हा रोग आला, ज्याला आपले द्राक्षवाले डाऊनी म्हणतात. बोर्डोच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडायची पद्धत होती. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं हिरवी राहिली आहेत. १८८५ मध्ये त्याने ते मिश्रण जाहीर केलं. चोरांसाठी केलेलं औषध रोगावर निघालं.

आता गंमत पाहा. ऑरगॅनिक द्राक्षबागेत आजही हेच तांबं चालतं. म्हणजे ‘ऑरगॅनिक’चा अर्थ फवारणी नाही असा होत नाही. कृत्रिम रसायनं नाहीत, एवढाच होतो. तांबं जमिनीत साचतं, गांडुळांना ते मानवत नाही. म्हणून युरोपीय संघाने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली आहे. पावसाळी वर्षात ऑरगॅनिकवाल्याला जास्त वेळा फवारावं लागतं, जास्त वेळा ट्रॅक्टर फिरतो, जास्त डिझेल जळतं. कोरड्या हवेच्या प्रदेशात हे सोपं, ओल्या प्रदेशात कठीण. म्हणून कोरड्या चिलीतल्या ऑरगॅनिक वाइनचं मला फार कौतुक वाटत नाही, आणि पावसाळी बोर्डोतल्या ऑरगॅनिक वाइनमागे मात्र माणसाने रात्री जागवलेल्या असतात.

‘नॅचरल’ शब्द त्याहून सैल. फ्रान्समध्ये २०२० पासून एक मान्य नियमावली आहे, हाताने तोडणी आणि सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते गंधकाचं द्रव्य) जास्तीत जास्त लिटरला ३० मिलिग्रॅम. बाकी बहुतेक ठिकाणी ज्याला वाटेल तो लिहितो. सल्फाइटला लोक उगाच घाबरतात. युरोपात ऑरगॅनिक रेडला लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, साध्या ड्राय रेडला १५०. इतवारीतून आणलेल्या चकाकत्या केशरी जर्दाळूंमध्ये याहून कितीतरी पट सल्फाइट असतं, आणि ते खाऊन आपलं डोकं कधी दुखत नाही. दम्याच्या काही रुग्णांना खरंच त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांचं डोकं बहुतेक वेळा चौथ्या ग्लासने दुखतं.

तिसरा शब्द बायोडायनॅमिक. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून ही शेतीपद्धत आली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग ते पाण्यात ढवळून शिंपडायचं, चंद्राच्या कलांप्रमाणे कामं करायची. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत ज्यांनी ढवळलं आहे त्यांना हे फार परकं वाटणार नाही. चंद्राबद्दल मी गप्प बसतो. पण फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात निकोला जोली यांनी या पद्धतीने केलेली शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची वाइन जगभर मानली जाते, आणि माझा अनुभव असा की शेणात हात घालणारा माणूस बागेत रोज फिरतो. वेलीला रोज पाहणं हे निम्मं औषध.

शेनिनचं नाव निघालंच आहे तर सुरुवात तिथूनच करा असं मी म्हणेन. हे मूळचं लुआरचं द्राक्ष. सतराव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत गेलं आणि आज तिथे फ्रान्सपेक्षा जास्त लावलं जातं. नाशिकला राजीव सामंत यांनी सुला वायनरीच्या पहिल्या बागा १९९७ मध्ये लावल्या त्यात शेनिन आणि सोव्हिन्यॉ ब्लां ही पांढरी द्राक्षं होती, पहिली वाइन २००० मध्ये आली. एकच द्राक्ष, तीन जमिनी. तीन बाटल्या एका बैठकीत चार-सहा जणांत वाटून चाखल्या तर प्रदेश म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळतं. लुआरची शेनिन आंबट, सफरचंदासारखी, कधी मधाची झाक. आफ्रिकेच्या स्वार्टलँड भागातल्या जुन्या, पाणी न देता वाढवलेल्या झुडपी वेलींची शेनिन भारदस्त, तोंड भरून राहणारी. नाशिकची हलकी, पेरूच्या वासाची, बऱ्याचदा किंचित गोड. नाशिकची खालच्या पायरीची असं समजू नका, ती वेगळ्या हवेची आहे. आफ्रिकेची बाटली हातात आली तर गळ्यावरचा शाश्वततेचा छोटा शिक्का पाहा. २०१० च्या हंगामापासून तो देतात, त्यावर क्रमांक असतो, आणि त्यावरून शेतापर्यंत माग काढता येतो. मी पाहिलेल्या शिक्क्यांत तो मला बरा वाटतो. न्यूझीलंडचा शाश्वत द्राक्षशेतीचा कार्यक्रम १९९५ च्या सुमाराचा, आणि तिथलं ९० टक्क्यांहून जास्त द्राक्षक्षेत्र त्यात आहे. तिथे हिवाळ्यात बागेत मेंढ्या सोडतात, त्या गवत खातात आणि लेंड्या टाकतात. तणनाशकाचा खर्च वाचला. सगळेच पास होत असतील तर परीक्षा सोपी असावी, अशी शंका मला येते खरी, पण मेंढ्या आवडल्या.

रेडमध्ये जायचं झालं तर आपल्याच राज्यात अकलूजची फ्रातेल्ली वायनरी पाहा. तिथे सांजोव्हेसे हे इटालियन द्राक्ष सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात वाढतं. कर्नाटकात नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वायनरीकडे फ्रान्सचे मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून येत असत. आणि वारा हा शत्रू असला तर काय करतात ते पाहायला ग्रीसचं सांतोरिनी बेट फक्त चित्रात पाहिलंत तरी चालेल. वाऱ्यापासून घड वाचवायला तिथे वेल जमिनीलगत टोपलीसारखी विणतात.

आता नाशिक, कारण तुम्ही जाणार आहात. द्राक्षाच्या वेलीला थंड देशात हिवाळ्याची झोप मिळते. आपल्याकडे ती मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. पीक एकच, जानेवारीअखेर ते मार्च. पावसाळा त्यामुळे फळाच्या काळाबाहेर राहतो. ही युक्ती फार हुशारीची आहे, पण अलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरचा अवकाळी पाऊस नेमका फुलोऱ्यावर येतो आणि डाऊनी सुटते. नाशिकचा शत्रू तो. म्हणून वायनरीत गेल्यावर ‘तुम्ही शाश्वत आहात का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘मागच्या पावसानंतर काय फवारलं आणि तोडणीच्या किती दिवस आधी थांबलात’ असं विचारा. जो माणूस तारखा सांगतो त्याची वाइन घ्या.

पाण्याचंही विचारा. एक लिटर वाइनमागे नुसत्या धुण्या-पुसण्याला कित्येक लिटर पाणी जातं. ते धुण्याचं पाणी कुठे सोडतात? शेततळं दाखवतील, ठिबक दाखवतील, छतावरचे सौर पॅनल तर नक्कीच. तुम्ही मागच्या बाजूचा नाला पाहायला मागा. आणि चोथ्याचं काय करतात तेही. साली-बियांचा डोंगर उरतो, त्याचं खत चांगलं होतं, पण उघड्यावर टाकला तर चिलटं आणि आंबूस वास लांबूनच कळतो.

एक प्रश्न मात्र पर्यटक कधीच विचारत नाहीत, आणि माझ्या मते तो पहिला: शेतकऱ्याला पैसे कधी मिळतात? २००८ नंतरच्या मंदीत नाशिक भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं उपटून टाकली. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. खाण्याच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. थॉमसन हे खाण्याचं द्राक्ष लावलेला शेतकरी माल दुसऱ्या व्यापाऱ्याला विकू शकतो, वाइनवाला वायनरीच्या दारात बांधलेला. मी नोकरी केलेल्या एका ठिकाणी पैसे आठ-आठ महिने थकायचे, आणि त्याच वर्षी आमच्या माहितीपत्रकावर वेलीच्या पानाचं हिरवं चिन्ह छापलं होतं. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या टोळ्या कुठे राहतात, त्यांना पिण्याचं पाणी कुठलं, हेही विचारून वहीत लिहायचं. लेबलवर याला जागा नसते.

बाटलीही उचलून पाहा. घरी मी दोन रिकाम्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. एक ४२० ग्रॅम भरली, दुसरी ८७०. आत वाइन दोन्हींत ७५० मिलिलिटरच. जड बाटली श्रीमंत वाटते एवढंच. काच वितळवायला भट्टी लागते, आणि वाइनच्या एकूण कार्बन हिशेबात सगळ्यात मोठा वाटा बऱ्याचदा बाटलीचाच असतो. शाश्वततेवर पानभर लिहून ८७० ग्रॅमच्या बाटलीत भरणाऱ्याला मी गंभीरपणे घेत नाही.

आता नागपूरचा भाग. फ्रान्समध्ये कोणी कितीही जपून बनवली तरी ती आपल्या मे महिन्यात शिजते. माझ्याकडे लुआरची एक कमी सल्फाइटची बाटली होती, एका सोबत्याने दिलेली. पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात ठेवली आणि विसरलो. जूनमध्ये काढली तर कॉर्क नखभर वर आलेला, आणि आत मुरंब्याचा वास. त्यामुळे नॅचरल वाइन इथे उन्हाळ्यात घेऊच नका. दुकानात कॉर्क वर आलेला किंवा गळ्याशी चिकट डाग असलेला दिसला तर परत ठेवा. खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा, स्क्रू कॅप दिसली तर आनंदाने घ्या, आणि घरात फ्रिजचा खालचा कप्पा. कूलरसमोरची जागा गार वाटते, पण दुपारी लाइट गेली की संपलं.

नाशिकहून गाडीत खोका भरून आणायचा मोह होईल. समृद्धी वर्धा जिल्ह्यातून जाते आणि वर्धा दारूबंदीचा जिल्हा आहे. उत्पादन शुल्क खात्याला विचारल्याशिवाय एकही बाटली डिकीत टाकू नका. तिथे चाखा, नावं लिहून घ्या, नागपुरात घ्या. मोठ्या वायनऱ्यांच्या बहुतेक बाटल्या इथे मिळतात.

जेवणाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण नागपुरात लोक सावजीबरोबर महागडी रेड उघडतात आणि मग वाइनला नावं ठेवतात. टॅनिन आणि जास्त अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं. सावजी रश्श्याला नाशिकची किंचित गोड शेनिन, चांगली गार, किंवा गुलाबी रोझे. पुडाच्या वडीला स्पार्कलिंग. तर्री पोह्याला चहा.

फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा आणि वायनरीत सकाळी आठच्या आत पोचा. ऊन चढायच्या आत तोडणी उरकतात, त्या वेळी क्रेट उतरताना दिसतात. द्राक्षं तुडवण्याचा खेळ दुपारी पर्यटकांसाठी असतो, तो सोडलात तरी चालेल. त्यापेक्षा परवानगी घेऊन क्रेटमधला एक मणी तोंडात टाका, रस गिळून घ्या आणि बी दाताखाली फोडा. हिरवी, कडवट लागली तर तोडणीची घाई झाली आहे. तपकिरी आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरीत लागली, तर त्या टाकीची वाइन कधी येणार ते विचारून ठेवा.